लेकराशेजारची जागा

रविवारी बीडला निघालेली बायडाबाई पालीच्या फाट्यावर उभी असायची तेव्हा तिच्या कपाळाला कुंकू असायचं, आणि बीडला उतरताना ते नसायचं. संध्याकाळी परत येताना पुन्हा जागच्या जागी. हे मला माहीत, कारण एकदा जीपमध्ये मी तिच्या समोरच बसले होते. पदराच्या टोकानं तिनं कुंकू असं पुसलं की बघणाऱ्याला वाटावं, घाम पुसतेय. माझी नजर पडली तशी ती बाहेर बघायला लागली. मीही काही दिसलं नाही असंच दाखवलं. सासऱ्यांच्या किराणा दुकानात इतकी वर्षं बसून मी एवढं तरी शिकलेय, की गिऱ्हाईक काय लपवतंय ते कळलं तरी तोंडावर आणायचं नाही.

गावात ती सांगायची, बहिणीकडं जाते. जायची ती येशूच्या प्रार्थनेला. तिचा नवरा सटवाही तिथंच जायचा, पण तो काही लपवायचा नाही. मेंढरं वळणारा साधा धनगर माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. फाट्यावर कोणी विचारलं, "कुठं निघालास बे सटवा?" की म्हणायचा, "देवाकडं. येतूस का?" लोकांनी त्याचं नाव पाद्री पाडलं. मागून काय काय बोलायचे ते इथं लिहीत नाही. त्याला कशाचंच काही वाटायचं नाही. बायकोच्या कुंकवाचीही त्याला खबर होती. एकदा आमच्या दुकानातच तिला चिडवत म्हणाला, "हिच्या कपाळाला दोन गावं हायती, पाली आन् बीड." बायडाबाई लालबुंद झाली आणि मिठाची पिशवी उचलून चालायला लागली. तो मात्र कधी तिला रागावला नाही.

आता सटवा नाही. विधवेचं कपाळ मोकळंच असतं, त्याला कोणी काही विचारत नाही. बायडाबाई दोन्ही गावांत आता एकाच कपाळानं वावरते. जे उघड करायची तिला लाज वाटत होती ते असं आयतं पदरात पडलं, आणि आता तिला त्याचीच लाज वाटते. ही बाई लाजेनं अर्धी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. कशाची लाज, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

त्यांना पहिली लेक झाली होती, बबिता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ही माणसं बाहेर पडतात, कुणाच्या रानात चार दिवस, कुणाच्या आठ. मेंढरं रात्री रानात बसवली की शेतकऱ्याला खत मिळतं आणि धनगराला दाणे. त्या वर्षी तळ लिंबागणेशच्या बाजूला डोंगराच्या उतारावर पडला होता. अंगावर पिणारं पोर तापानं फणफणलं आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेलं. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, ही सगळ्यांचीच रीत आहे. सटवाच्या धाकट्या भावानं, भागवतनं, खड्डा खणला. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. आणि दुसऱ्या दिवशी तळ उठला. पुढं ज्याच्या रानात बोली झाली होती तो वाट बघत होता आणि मेंढरांना चारा हवा होता. दुःखाला बसायला जागा लागते, ती ह्या लोकांच्या धंद्यात नाही.

पुढं मुलगा झाला, त्याचं नाव परमेश्वर ठेवलं, कळप वाढला, पालीत स्लॅबचं घर झालं. पण सटवा सुखी नव्हता. दारू पिऊन बघितली, सोडून बघितली. बिरोबा झाला, खंडोबा झाला, कुणी सांगेल तो नवस झाला. नवी मोटारसायकल घेतली तेव्हा आठ दिवस तो तिला आंघोळ घालत होता, नवव्या दिवशी पुन्हा तोंड पाडून आमच्या पायरीवर बसलेला. माझे सासरे ईश्वरप्पा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, त्यांना तो विचारायचा, "आप्पा, सुख कुठं इकत मिळत आसंल तर सांगा, तुमच्या दुकानात न्हाई दिसत." आप्पा हसायचे. पण जास्त चढली की सटवा एकच वाक्य घोकायचा, "म्या लेकरू टाकून आलो."

मग एका वर्षी केजकडं बंकट नावाच्या म्हाताऱ्याच्या रानात मेंढरं बसली. हा बंकट ख्रिस्ती. त्याचा तरणा मुलगा गेलेला आणि रानाच्या कोपऱ्यात लिंबाखाली पुरलेला. म्हातारा रोज सकाळी तिथं जायचा, पालापाचोळा झाडायचा आणि गुणगुणत परत यायचा. सटवानं त्याला विचारलं की तू रडत कावून न्हाईस. बंकट म्हणाला, "भेटायचंय की." मग त्यानं सगळं सांगितलं. येशू मेला, पुरला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि जे त्याचे आहेत त्यांनाही तो उठवणार, अंगानिशी, नावानिशी. सटवाला बाकीचं किती कळलं देव जाणे, पण उठणार हे त्यानं धरलं. मेंढ्या रानात जातात तेव्हा लहान कोकरं तळावर जाळीच्या कुंपणात ठेवलेली असतात. संध्याकाळी कळप परतला की एकच कालवा होतो, आणि एवढ्या गर्दीत जिचं तिला बरोबर सापडतं. हे तो जन्मापासून बघत आला होता. त्याला पटायला दुसरं काही लागलं नाही.

परत आला तो वेगळाच माणूस. आप्पांनी विचारलं, काय रे, सापडलं का सुख? तो म्हणाला, "आप्पा, लेकरू टाकलेलं न्हाई, ठिवलेलं हाय. बास, एवढंच सुख हाय." मी तेव्हा नवी सून होते, आतून ऐकलं होतं. आम्ही शंकराची माणसं, मला त्याच्या देवाधर्मात पडायचं नव्हतं. पण त्यानंतर तो कधी तोंड पाडून आमच्या पायरीवर बसला नाही, हे मी बघितलं आहे.

आणि त्यानं बायकोला एक गोष्ट सांगून ठेवली होती. एकदा नाही, कित्येकदा. "मला जाळू नगंस. लिंबागणेशच्या उतारावर बबीशेजारी पुर. ती उठंल तवा तिला वळखीचं कोनीतरी शेजारी पायजे. न्हाईतर बावरंल लेकरू." बायडाबाई दरवेळी म्हणायची, बरं.

गेल्या श्रावणात सटवा धरणाच्या कडेला मेंढरं पाणी पीत असताना बाभळीखाली बसला आणि तसाच गेला. लोकांना वाटलं, डोळा लागलाय. घरी आणला तेव्हा सगळी भावकी जमली, मीही घरातला कापूर आणि तूप घेऊन गेले होते. लाकडं आणायला ट्रॅक्टर निघणार एवढ्यात भागवत बायडाबाईच्या समोर उकिडवा बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, दादा काई बोलून गेलता का? त्यो प्रार्थनेला जायचा. त्या लोकांला बोलवायचं का? त्यांची काई रीत आसंल तर सांगा."

अंगणातली सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. बायका पदराआडून बघत होत्या. बायडाबाईनं पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "न्हाई. ते आपलं आसंच जात व्हते. तुमी करताव तसं करा."

भागवत उठला. ट्रॅक्टर गेला. परमेश्वरनं अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख बिंदुसरा नदीत सोडली. मी तिथंच होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. माहीत होतं ते तिला एकटीला.

त्यानंतर ती प्रार्थनेला जायची थांबली. कुंकू पुसायचं नव्हतं, कुणाला खोटं सांगायचं नव्हतं, सगळा रस्ता मोकळा होता, तरी जाईना. दुकानात यायची, हवं ते घ्यायची, खाली बघत निघून जायची. उन्हाळ्यात त्यांचा पुनरुत्थानाचा सण आला तेव्हा तिथं प्रार्थना घेणाऱ्या पाळकांची बायको उज्ज्वलाताई स्वतः येऊन तिला घेऊन गेली. त्या पहाटे ते सगळे बीडच्या कब्रस्तानात जमतात. आपापल्या माणसाची कबर चुन्यानं सारवलेली असते, तिच्यावर मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात, आणि उजाडता उजाडता येशू उठला म्हणून गातात. बायडाबाईनं ओंजळभर झेंडू नेला होता. कबरींमधून ती फिरत राहिली. जिथं तिथं कोणी ना कोणी आपल्या माणसाजवळ बसलेलं. तिच्या हातातली फुलं ठेवायला तिला बोटभर जागा नव्हती.

ती फुलं तशीच पदरात बांधून ती पालीला आली, सरळ आमच्या दुकानात शिरली आणि गल्ल्यावर ठेवून म्हणाली, "घे रुद्राणी, तुमच्या पिंडीला वाहा." आणि तिथंच रडायला लागली. मी तिला आत पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि त्या दिवशी मला सगळं कळलं.

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू. एवढं सोन्यासारखं माणूस, एवढीशी मागणी, आणि भागवत विचारत असताना तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. तरी समजूत घालायची म्हणून मी म्हटलं की त्या उज्ज्वलाताईला तरी विचारायचं, जाळलेला माणूस उठत नाही का म्हणून. तर ती म्हणाली, विचारलं. उज्ज्वलाताईनं सांगितलं होतं की पाण्यात बुडालेले, आगीत जळालेले, सगळे उठतील. मातीतून माणूस घडवणाऱ्याला राख काय जड?

"देवाला जड न्हाई, रुद्राणी," बायडाबाई म्हणाली. "ते उठतेलच. म्हनून तर लाज वाटतीय. उठल्यावर ते माझ्याकडं बघतेल की."

नवरे गेलेल्या बायका मी काय कमी बघितल्यात? चुकलंमाकलं सगळं गेलेल्याबरोबर जातं, मागं फोटोला हार घातला की भागतं, अशी आपली सगळ्यांची सोय असते. ह्या बाईला ती सोय नव्हती. तिचा नवरा तिला पुन्हा भेटणार होता आणि त्यावर तिचा पुरता विश्वास होता. तिच्या आशेनंच तिला कोंडीत धरलं होतं. बरं, नुसता नवराच नाही. डोंगराच्या उतारावर ते लेकरूही एकटंच होतं.

आप्पा गादीवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "बायडे, आमच्यात तर पुरत्यातच की. बसवून पुरत्यात, हातात लिंग दिऊन. माझी माय त्या वरच्या रानात बसलीय. आजवर गावात कोन काय म्हनलं?"

"ठावं हाय आप्पा," ती म्हणाली. "पर तुमचं तुमचं हाय."

"मग तुमचं तुमचं नव्हतं का?"

आप्पांना लागट बोलायचं नव्हतं, पण बोलून गेले. बायडाबाईनं डोळे पुसले आणि उठून गेली. शेजारच्या गल्लीत पिढ्यान्पिढ्या जे चाललंय आणि ज्याला कोणी कधी हसलं नाही, तेवढंच तिला मागायचं होतं. ते ती मागू शकली नव्हती.

मग तिनं मनाशी ठरवलं की आता निदान आपण तरी बबीशेजारी जायचं. पण तेही लेकाला सांगायला हवं ना? चार महिने ती रोज दुकानात येऊन म्हणायची, आज परमेश्वरला सांगते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं की उत्तर तयार. पावणे आले व्हते. त्याचं डोकं दुखत व्हतं. सून माहेरी गेलीय. एकदा मी चिडून म्हटलं, "मावशी, अशानं तुम्ही मरायच्या आणि पुन्हा ट्रॅक्टर यायचा." ती हसली नाही.

सटवाला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाचा किराणा भरायला भागवत, परमेश्वर आणि त्यांच्याबरोबर बायडाबाई अशी तिघं दुकानात आली. भागवत तांदूळ बघत होता, दाणा तोडून चावत होता. दुकानात आणखी तीनचार गिऱ्हाइकं होती. मी डाळ मापत होते. आणि बायडाबाई एकाएकी म्हणाली, "भाऊजी, मला जाळू नका."

भागवतनं तांदूळ हातातच धरून वर बघितलं.

ती खाली बघत बोलत होती, पण थांबली नाही. सांगितलं की मी येशूची हाय. बहिणीकडं जाते म्हणायचे ते खोटं होतं. मला लिंबागणेशला बबीशेजारी पुरा. आणि मग, ज्याच्यासाठी तिनं एवढा धीर गोळा केला होता ते शेवटी आलं. "तुमच्या दादालाबी तिथंच जायचं व्हतं. त्यांनी मला सांगून ठिवलं व्हतं. भावकी काय म्हनंल म्हनून म्या गप बसले. तुमी ऐकलं नसतं."

भागवतनं तांदूळ परत पोत्यात टाकला, हात झटकले. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो अगदी हळू बोलला. "वैनी, आपल्या आज्याला पुरलेलं हाय. पूर्वी आपल्यात कैकांला पुरायचे. तुमी नुसतं व्हय म्हनला असता तर म्या सवता खड्डा खांदला असता. बबीचा खांदला तसा." मग तो म्हणाला, "म्या इचारलं व्हतं की तुमाला."

बायडाबाई तेलाच्या डब्यावर मटकन बसली. वर्षभर ती मनात एक भिंत धरून बसली होती, की भावकीनं होऊ दिलं नसतं. ती भिंत नव्हतीच. दोष द्यायला आता तिच्याजवळ दुसरं कुणी उरलं नाही. परमेश्वर एवढंच म्हणाला, "माय, आग म्या लावली. मला तरी कावून न्हाई सांगितलंस?" आणि तो बाहेर जाऊन मोटारसायकलपाशी पाठ करून उभा राहिला. गिऱ्हाइकं काही न घेताच निघून गेली. लाज अशी असते, जवळ उभं राहणाऱ्यालाही तिचा चटका बसतो. मला माझ्याच दुकानात कुठं बघावं कळेना.

जाताना भागवत म्हणाला, "जागा मला ठावं हाय. दावतो."

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो. भागवत मोटारसायकलवर पुढं, बायडाबाई आणि मी जीपनं. तिनं मला सोबत मागितली होती, आणि लिंबागणेशला जायचं म्हणजे माझं गणपतीचं दर्शनही होणार होतं. मांजरसुंब्याला एक म्हातारी जीपमध्ये चढली. बसल्या बसल्या चौकशी सुरू. कुठल्या गावच्या, कुठं निघाल्या? मी बायडाबाईकडं बघितलं, आता ही काय सांगणार. बायडाबाई म्हणाली, "लेकीकडं."

"लिंबागणेशला दिली का लेक?"

"न्हाई," बायडाबाई म्हणाली, "ठिवलीय."

म्हातारीला काही उमगलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी बाहेर बघायला लागले.

उतारावर तरवड माजलेला होता. भागवतला थोडं शोधावं लागलं, पण दगड सापडले, अर्धे मातीत गेलेले. त्यानं विळ्यानं झुडपं तोडली. बायडाबाई दगडांजवळ बसली. आजही तिनं ओंजळभर झेंडू आणला होता. तो तिनं दगडांवर ठेवला, एक एक फूल, घाई न करता. मग शेजारची जमीन हातानं साफ केली, खडे वेचून बाजूला टाकले. अंथरूण घालायच्या आधी बाई करते तसं.

"हितं," ती भागवतला म्हणाली. "माझं डोस्कं हिकडं, तिच्याकडं तोंड."

भागवतनं मान हलवली. तो कमी बोलणारा माणूस आहे, पण त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. तो बराच वेळ विळ्याचं पातं अंगठ्यानं पुसत राहिला. शेवटी त्यानं विचारलंच, "वैनी, तुमी म्हनताव तसं समदे उठले, दादाबी आला. तर त्याला काय सांगताल?"

मला वाटलं, आता ही रडणार. पण हा प्रश्न तिनं स्वतःला वर्षभर विचारलेला होता.

"काई न्हाई सांगायची," ती म्हणाली. "तेनी काई बोलायच्या आदी बबीला त्यांच्या कडंवर दिईन. आन् मग खाली बघून हुबी ऱ्हाईन."